ओझं कमरेवर

[दृश्य: पहाट, मे महिना. गोंदिया जिल्ह्यातलं जंगलकाठचं गाव. सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, एक माणूस उकिडवा बसून पिशवी भरतोय. कोंबड्यांचा आवाज.]

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या कडेचं हे गाव. हे भाऊ जंगलात मजुरीवर जातात. आजच्या ओझ्यात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आहेत, त्यांच्या बॅटऱ्या आहेत, साखळ्या आणि कुलपं आहेत. कॅमेरे जोडीनं लागतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात आणि दोन्ही बाजू टिपल्या तरच वाघाची ओळख पक्की होते. म्हणजे वाघ एक, पण कॅमेरे दोन वाहायचे. शिवाय दहा लिटर पाणी. पाणी लिटरला किलो, त्यात काटकसर नाही. मे महिन्यात तर नाहीच.

या पिशवीला कंपनीचा शिक्का नाही. ती याच सपरीत शिवली गेली, ब्लाउज शिवायच्या मशीनवर. शिवली भाऊंच्या वहिनीनं.

[दृश्य: खुंटीवर लटकलेली जुनी, फाटलेली बाजारू बॅग.]

ही तिच्या आधीची. आठवडी बाजारातून घेतलेली. म्हणायला पाठीवरची बॅग, पण खरं तर शाळेच्या दप्तराचं थोरलं भावंड. फेब्रुवारीत नाल्याच्या चढावर हिचा एक पट्टा मुळातून उपटला. उरलेली वाट भाऊंनी ती धानाच्या पोत्यासारखी खांद्यावर टाकून काढली. घरी आले तेव्हा मान एका बाजूला वळेना.

वहिनींनी आधी मोहरीचं तेल गरम केलं. मग बॅग उलटी करून शिवण बघितली.

“पाहा न भाऊजी, एकच टीप मारली होती. एवढ्या ओझ्याले एक टीप! अन् समदं वजन खांद्याले. कमरेवर बांधा न, खांद्याले काऊन तरास देता?”

हा प्रश्न जगात बऱ्याच जणांना बऱ्याच उशिरा पडला. कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाचा माणूस १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून पाठीवरच्या पिशव्यांच्या चौकटी बनवायला लागला. कमरेचा पट्टा लोकप्रिय झाला तो त्याच्या पिशव्यांमुळे. चौकट तो गॅरेजमध्ये करायचा आणि कापड त्याची बायको नेना घरी शिवायची. नाव मात्र पिशवीवर एकट्या आडनावाचं लागलं.

[दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर बर्फाळ डोंगर, चौकटीची पिशवी घेतलेला शिकारी. पडदा धूसर.]

भाऊंच्या पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून काढला. परदेशातला शिकारी, पाठीवर उघडी चौकट, चौकटीच्या तळाशी बाहेर आलेली फळी. मारलेल्या एल्कचे, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचे, तुकडे त्या फळीवर ठेवून तो डोंगर उतरतो. पिशवी चौकटीपासून सुटी होते आणि मांस मध्ये बांधलं जातं, पाठीला अगदी लागून.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा तो अध्याय मिटवला. घरातल्या आजींना हाका घालायचे, म्हणजे शिकारीसाठी सावज हाकलायचे दिवस आठवतात, पण त्या गोष्टी कॅमेऱ्यासमोर सांगायला त्या तयार नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. ती फळी मात्र वहिनींच्या डोक्यात बसली. मांस नाही तर नाही, पाण्याची कॅन तर बसेल!

[दृश्य: बोडी, म्हणजे छोटं तळं. पाण्यात दगडाखाली दाबलेले बांबू. एक म्हातारा हात बांबू बाहेर ओढतो.]

चौकटीपासून सुरुवात झाली. ॲल्युमिनियमची नळी साकोलीला मिळाली असती, पण ती वाकवणार कोण आणि जोडणार कोण? बांबू दारात होता. गावात बुरडकाम करणारे एक आजोबा आहेत. त्यांनी अटी घातल्या. बांबू तीन वर्षांचा हवा, त्याहून कोवळा नको. हिवाळ्यात तोडलेला हवा. आणि मानवेलच हवा. मानवेल म्हणजे आपल्या सुक्या जंगलांतला तो जवळजवळ भरीव बांबू, ज्याच्या लाठ्या होतात. कटांग हा दुसरा, पोकळ बांबू टोपलीला चालेल, ओझ्याला नाही.

हा बांबू शेताच्या बांधावरचा आहे. मुद्दाम सांगतोय, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे ‘झाड’ होतं, आणि झाड म्हटलं की तोडायला, न्यायला परवाने आले. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच सामूहिक हक्काच्या जंगलातला बांबू विकायला वाहतूक पासची वही हातात पडली ती २०११ साली, आणि तीही केंद्रातला मंत्री गावात आल्यावर. असो. आपण चौकटीकडे वळू.

तोडलेला बांबू बोडीत बुडवून ठेवला. कशासाठी? बांबूच्या अंगात पिठूळ गर असतो. तो खायला भुंगा येतो आणि आतून पोखरून पिवळी भुकटी पाडतो. काही आठवडे पाण्यात राहिला की गर धुऊन निघतो. त्या पाण्याला वास येतो, इतका की आमच्या कॅमेरामननं इथं जवळून चित्रण करायला नकार दिला. हे दृश्य लांबून आहे ते त्यामुळे.

[दृश्य: निखारे. बांबू फिरवत तापवला जातोय. जमिनीत ठोकलेल्या खुंट्या.]

मग वाकवणं. आजोबा बांबू निखाऱ्यावर फिरवत राहतात. ज्वाळेवर नाही, ज्वाळेनं तो करपतो. अंगावर रस सुटून चकाकी आली की तो खुंट्यांमध्ये हळूहळू दाबायचा, निवेपर्यंत सोडायचा नाही. घोड्याच्या नालासारखा बाक येतो. त्याचे दोन पाय खाली, आडव्या तीन काठ्या मध्ये, तळाशी फळी.

१९९१ साली आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं शव सापडलं, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं. त्याच्याजवळ हेझलची एक काठी मिळाली, नालाच्या आकारात वाकवलेली, आणि सोबत लार्च लाकडाच्या दोन पट्ट्या. ती त्याच्या पाठीवरच्या चौकटीची असावी असं अभ्यासक मानतात. आजोबांना आम्ही तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बाक बरा आहे.”

पहिली चौकट फुटली. दोष पुतण्याचा. त्यानं जोडासाठी ड्रिल मशीन लावलं, तेही काठीच्या टोकाशी, आणि बांबू उभा चिरला. बांबूचे धागे उभेच असतात, चीर पडली की थेट पेरापर्यंत धावते. दुसऱ्या वेळी भोक तापलेल्या सळईनं पाडलं, पेराच्या जवळ. खिळा नाही, स्क्रू नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, ताणून ताणून गुंडाळल्या. ताणलेलं रबर आवळत राहतं.

[दृश्य: सपरी. मापाची टेप. सगळे हसतायत.]

आता माप. इथं एक अडचण आली, जी शिवणकामाच्या कुठल्या पुस्तकात नसावी. माप घ्यायचं ते मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. दोन्ही हात कमरेवर ठेवले की अंगठे मागे जिथं येतात, ती रेघ. वहिनींनी हजारो मापं घेतली असतील, पण सगळी बायांची. दिराच्या कमरेचं हाड चाचपायचं, तेही सासूसमोर? टेप पुतण्याच्या हातात गेली. वहिनी मशीनवरून सांगत राहिल्या, “अजून खाली. तो पट्टा नाही, हाड पाह्य, हाड!”

माप भरलं सतरा इंच. माणूस उंच असला की पाठही लांब असते असं नाही, म्हणून उंचीवरून बॅग घेणारा फसतो. कमरेचा पट्टा त्या हाडांच्या कडेवर बसला पाहिजे. वर सरकला तर पोट आवळतो, खाली सरकला तर मांडीच्या आड येतो. कडेवर बसला की वजन हाडातून पायात उतरतं आणि खांद्याला उरतं फक्त पिशवीला तोल देण्याचं काम.

आपल्या भाषेत जबाबदारी खांद्यावर पडते, पण कामाला लागायचं तर कंबर कसावी लागते. वहिनींना हे ऐकवलं, तर म्हणाल्या, तुम्ही बोलत राहा, मले नवार धरू द्या.

[दृश्य: मशीनचं चाक हातानं फिरतंय. सुई जवळून.]

कापड. निळी-पिवळी प्लास्टिकची ताडपत्री सगळ्यात स्वस्त, पण सुईच्या भोकांपासून फाटते, एका उन्हाळ्यात कडक होते, आणि चालताना चुरचुर वाजते. हरणांना निळा रंग चांगला दिसतो, हे वर. म्हणून ट्रकवरची जुनी सुती ताडपत्री घेतली, मळकट हिरवी. ओली झाली की जड होते, हा तिचा दोष. पण वाजत नाही.

पट्टे कुठून आले? भंगारातल्या गाड्यांचे सीटबेल्ट. चालत्या गाडीत माणूस धरून ठेवायला विणलेला पट्टा दहा लिटर पाण्याला घाबरत नाही. कापलेलं टोक मेणबत्तीवर धरलं की धागे वितळून बंद होतात.

खरी झटापट मशीनवर झाली. ब्लाउजची सुई १४ नंबरची. पहिल्याच थरात तुटली. १८ नंबर टिकली, पण सीटबेल्ट आणि दुमडलेली ताडपत्री एकावर एक आली तिथं २१ लावावी लागली. पायानं मशीन चालवली की सुई अडकायची, म्हणून पट्टा काढून ठेवला आणि चाक हातानं फिरवलं. टाक्यामागून टाका. दोरा मोच्याकडचा नायलॉनचा. आधी वहिनींनी बॉबिनमध्ये नेहमीचा सुती दोरा ठेवला होता. वरच्या नायलॉननं तो करवतीसारखा कापला. मग खालीही नायलॉन.

आणि एक गोष्ट नवशिके हमखास चुकतात, वहिनीही चुकल्या. मजबुतीसाठी त्यांनी टाका बारीक केला. बारीक टाका म्हणजे जास्त भोकं, आणि कापड पोस्टाच्या तिकिटांसारखं त्या रेघेवरच फाटतं. उसवून टाका मोठा केला, तीन-चार मिलीमीटरचा. पट्टा जिथं कापडाला मिळतो तिथं चौकोन आणि चौकोनात फुली, वर मागून दुसऱ्या कापडाचा तुकडा. नुसत्या ताडपत्रीवर पट्टा शिवला की काय होतं ते त्या बाजारू बॅगेनं दाखवलंच होतं.

कमरेच्या पट्ट्यात स्पंज घालायचं ठरलं होतं. स्पंज घाम पितो आणि महिन्याभरात चपटा होतो. घरात तुटक्या स्लिपरांचा ढीग होता. त्यांचे तळवे घासून, धुऊन, कापून आत गेले. भाऊ जे पायात घालत होते ते आता कमरेला आहे, यावरून आजींनी दिवसभर घर हसवलं.

[दृश्य: चौकटीवर आडवी ताणलेली नवार. मागून उजेड येतोय.]

खाटेची नवार चौकटीवर आडवी ताणून बांधली आहे. पाठ टेकते ती नवारीला. बांबूला नाही, पिशवीलाही नाही. मध्ये चार बोटं मोकळी हवा. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा या चार बोटांची किंमत पाठीला कळते.

[दृश्य: भाऊ पिशवी चढवतायत. क्रम नीट दिसू द्यावा.]

चढवायचीही रीत आहे. आधी सगळे पट्टे सैल. मग कमरेचा पट्टा हाडावर बसवून घट्ट. मग खांद्याचे, पण बेताचे, खाली बोट सरकेल इतके. शेवटी खांद्यावरून चौकटीच्या माथ्याकडे तिरपे जाणारे दोन छोटे पट्टे. ते ओढले की ओझं मागे लोंबत नाही, पाठीजवळ येतं. जड वस्तू वर आणि पाठीलगत. पाण्याची कॅन मात्र फळीवर, कारण ती वाटेत रिकामी होत जाते आणि सारखी काढावी लागते. इथं पुस्तकी नियम आणि भाऊंची तहान यांचं पटलं नाही. तहान जिंकली.

[दृश्य: गावाबाहेरची वाट. डोक्यावर मोळी, चुंबळ घातलेल्या बाया समोरून येतात. मागे कावड घेतलेला माणूस.]

कावड याहून जुनी. दोन्हीकडे सारखं वजन, मधला बांबू पावलाच्या तालावर लवतो. उघड्या रस्त्यावर तिच्यासारखी सोय नाही. पण बांबूच्या रांजीतून, म्हणजे दाट बेटातून, काटेरी झुडपांतून आडवी कावड जाते कशी? मोळी डोक्यावर जाते, पण तिची किंमत मान देते. या बायांना आम्ही विचारलं, अशी चौकट तुम्हाला चालेल का? एकीनं वळून पाहिलं. “साडीवर पट्टा कसा बसन जी?” वहिनींकडे अजून याचं उत्तर नाही. त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं आहे, ब्लाउजांच्या मापांच्या शेजारी.

[दृश्य: सपरी. तीन दिवसांनंतर.]

पहिल्या फेरीहून भाऊ परतले. मान वळत होती. कमरेवर लाल रेघ, पण कातडी शाबूत. तक्रार एकच.

“वहिनी, वाजते हे. पावलागणिक कुरकुर, कुरकुर. माकडंही पाहून राहिले.”

लाकूड लाकडावर घासलं की वाजणारच. बाहेरच्या चौकटीची ही जगभरची तक्रार आहे. शिकारी तर याच आवाजावरून चौकटीला शिव्या देतात. वहिनींनी जोड सोडले, दोन काठ्या जिथं भिडतात तिथं जुन्या मोज्याचे तुकडे घातले, मेण चोळलं आणि ट्यूब पुन्हा आवळली. तेवढ्यात दारात दोघी येऊन उभ्या. लग्न परवावर आलेलं, ब्लाउज कधी मिळणार? पिशवी खाली गेली, मशीनला १४ नंबरची सुई लागली.

[दृश्य: पहाट. भाऊ वाटेला लागतात. ध्वनिमुद्रक माईक चौकटीजवळ धरून मागे चालतोय. संगीत नको.]

आमचा ध्वनिमुद्रक शंभर पावलं त्यांच्या मागे चालला, माईक चौकटीला जवळजवळ टेकवून. घरी येऊन आम्ही ते कान देऊन ऐकलं. कॅनमधलं पाणी डुचमळतं. दूर एक मोर. आणि पायाखाली सागाची वाळलेली पानं, पापडासारखी मोडणारी.

[पानांचा आवाज सुरू राहतो. पडदा काळा.]