सही नाकारणारे तीन मंत्री

नमस्कार मंडळी, आज जरा लांब जायचंय, नॉर्वेला, आणि सालही मागचं, १९०५. तिथे ११ मार्चला एक सरकार आलं, पंतप्रधान क्रिश्चन मिकेल्सन, बर्गनचा माणूस, शिकला वकिली पण नाव कमावलं जहाजांच्या धंद्यात. आणि त्याच्या कॅबिनेटमध्ये उदारमतवादी होते, हुजूरपक्षीय होते, मधलेही होते, म्हणजे एरवी एकमेकांवर तुटून पडणारी माणसं एका टेबलाशी बसलेली. मला हे सरकार फार आवडतं, का ते सांगते.

१८१४ पासून नॉर्वे आणि स्वीडनचा राजा एकच. नॉर्वेची संसद वेगळी, कायदे वेगळे, पण परराष्ट्र खातं स्वीडनच्या हातात. आता नॉर्वेची व्यापारी जहाजं जगभर फिरायची आणि परक्या बंदरात अडचण आली की जायचं कुठे तर दोघांच्या सामाईक कॉन्सुलकडे, म्हणजे तिथे नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीकडे, त्यामुळे त्यांना आपले स्वतःचे कॉन्सुल हवे होते, मागणी एवढीच. संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, मे महिन्यात तसा कायदा एकमताने पास केला आणि तो गेला राजा ऑस्कर दुसरा यांच्याकडे.

२७ मे, स्टॉकहोम. राजाने कायदा नाकारला. पण राजाच्या निर्णयावर मंत्र्याचीही सही लागायची, आणि तिथे हजर असलेल्या लोवलान, बोथनर आणि हागेरुप बुल या तिघांनी ती द्यायला साफ नकार दिला, राजीनामेच पुढे केले. राजा म्हणाला, दुसरं सरकार बनणं शक्य दिसत नाही, म्हणून राजीनामे स्वीकारत नाही. झालं! मिकेल्सनने नेमकं हेच धरलं. राजाला सरकार देता येत नाही म्हणजे तो नॉर्वेचा राजा म्हणून काम करू शकत नाही, आणि राजा एक हेच तर दोन देशांना बांधणारं होतं, मग युनियन, म्हणजे दोन देशांची ही जोडणी, उरलं कुठे? ७ जूनला स्टोर्टिंगने हेच ठरावात मांडलं, युनियन मोडल्याची गोष्ट त्या लांबलचक वाक्यात जाता जाता आल्यासारखी. गोळी नाही, आरडाओरडा नाही. मला तर ते वाक्य वाचताना अजून काटा येतो.

१३ ऑगस्टला युनियन मोडण्यावर सार्वमत झालं, बाजूने ३,६८,२०८ आणि विरोधात फक्त १८४! बायकांना मत नव्हतं, तर त्यांनी पाठिंब्याच्या दोन लाख चव्वेचाळीस हजारांवर सह्या गोळा केल्या, आणि माझ्या लेखी त्या सह्या मतांइतक्याच मोलाच्या. मग स्वीडनमधल्या कार्लस्टाडला स्वीडनशी वाटाघाटी, तिथे मिकेल्सन आणि लोवलान स्वतः बसले, सीमेवरचे किल्ले पाडायचं कबूल केलं. घरी लोक चिडले, पण लढाई टळली.

आता या सरकारमधला एक माणूस मला विसरता येत नाही, अर्थमंत्री गुन्नार क्नुडसेन. त्याला प्रजासत्ताक हवं होतं. सरकारने डेन्मार्कच्या राजपुत्राला राजा करायचं ठरवलं तेव्हा याने मंत्रिपद सोडलं. नोव्हेंबरात पुन्हा मतदान झालं, राजाच्या बाजूने २,५९,५६३, विरोधात ६९,२६४. क्नुडसेनने लोकांचा कौल मानला, आणि १९०८ मध्ये त्याच राजाचा, हाकोन सातव्याचा, पंतप्रधान म्हणून कामाला लागला.