उकळलं तरी जात नाही

(दृश्य: विदर्भातली शेतविहीर. मोटर सुरू होते, हौदात पाणी पडतं.)

पाणी नितळ आहे. वास नाही, चवीलाही गोड. यात नायट्रेट आहे की नाही, हे ना डोळ्यांना कळतं, ना जिभेला.

मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातले साधारण २० टक्के नमुने तिच्यापुढे गेले. महाराष्ट्रात ३५ टक्क्यांहून जास्त. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव ही नावं यादीत वरच्या बाजूला आहेत.

(दृश्य: कपाशीच्या बुडाशी युरिया पडतो.)

४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र. पीक त्यातलं हवं तेवढंच उचलतं. उरलेल्याचं नायट्रेट मातीतले जिवाणू करतात. काळी माती एवढी चिकट, पण नायट्रेट तिला धरून ठेवता येत नाही, कारण दोघांवरही ऋणभार. जोराचा पाऊस झाला की ते खाली उतरतं आणि बेसाल्टच्या भेगांतून थेट विहिरीत.

सगळं खापर युरियावर फोडणं सोपं आहे. विहिरीला लागून असलेला उकिरडा, गोठ्याची मोरी, संडासाचा शोषखड्डा यांचं काय?

(दृश्य: दुधाची बाटली.)

१९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. बाळं वरच्या दुधावर होती, आणि दुधात पाणी शेतातल्या विहिरीचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट सहज होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं लोह बदलून टाकतं, मग त्याला प्राणवायू वाहता येत नाही. आधी ओठ आणि नखं निळी दिसतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती जवळपास नाहीच.

घरोघरी एकच सल्ला: पाणी उकळून द्या. जंतूंसाठी तो बरोबरच. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. तुरटी, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, गाळणी, कशानेच ते हटत नाही. आरओने हटतं, पण त्याचं टाकाऊ पाणी पुन्हा विहिरीजवळच ओतलं, तर काय मिळवलं?

(दृश्य: तपासणी किट, काचेची नळी.)

जलजीवन मिशनच्या किटमध्ये नायट्रेटची चाचणी आहे, आणि ती करायला गावातल्याच बायांना शिकवलंय. पाण्यात औषध पडतं, गुलाबी रंग चढतो. रंग जेवढा गडद, नायट्रेट तेवढं जास्त. नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा द्या. आणि घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल, तर निकाल येईपर्यंत त्याच्या बाटलीत हे पाणी नको.