पोस्टमनला वाटायचं, मटक्याचा आकडा आहे

[जुनं पोस्टकार्ड कॅमेऱ्यापुढे धरतो]

दिसतंय? '१. ५२५४'. खाली 'आपला' आणि सही. कार्ड संपलं.

आमचे मामा पोस्टानं बुद्धिबळ खेळायचे, एका कार्डावर एक चाल. ऐंशीच्या दशकात पंधरा पैशांची अशी कार्डं त्यांच्याकडे, नागपूरच्या महाल भागातल्या घरी, दर आठवड्याला यायची. बीटवर नवा पोस्टमन आला की काही दिवस गप्प राहायचा. मग एक दिवस कार्ड देता देता हळूच विचारायचा, "भाऊ, ओपनचा आहे का क्लोजचा?" मामा म्हणायचे, "अरे बावा, राजापुढचं प्यादं आहे ते!" त्याचा काही विश्वास बसायचा नाही.

आज नागपूर आणि बुद्धिबळ म्हटलं की दिव्या देशमुख. २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर होऊनच परत आली. ती सगळी स्पर्धा तीन आठवड्यांची. तेवढ्या वेळात मामांच्या परदेशी डावात एक चाल व्हायची. एकच!

आधी ते आकडे उलगडून सांगतो. पटाचे उभे रकाने १ ते ८, आडव्या ओळी १ ते ८. ५२ म्हणजे पाचवा रकाना, दुसरी ओळ. तिथून ५४ वर. झाली चाल. अक्षरं का नाहीत? आपला उंट इंग्रजीत बिशप. रशियनमध्ये त्याच मोहऱ्याचं नाव 'स्लोन', म्हणजे चक्क हत्ती! आता नागपूरचा माणूस मॉस्कोला 'उंट' कसा कळवणार?

[लाल रजिस्टर उघडतो]

हे मामांचं रजिस्टर. किराणा दुकानाच्या खतावणीसारखं. एका डावाला एक पान. कार्ड कधी आलं, उत्तर कधी टाकलं, किती दिवस घेतले, एकूण किती झाले. नियम असा की दहा चालींना तीस दिवस, आणि टपालाच्या प्रवासाचे दिवस धरायचे नाहीत. मग घड्याळ कोणतं? पोस्टाचा शिक्का! तो पुसट उमटला की भांडण. म्हणून मामा कार्ड पेटीत टाकतच नसत. सायकल काढून स्टेशनवर आरएमएसला, म्हणजे रेल्वेच्या टपाल कचेरीत, जायचे, "नीट दाबा हो" म्हणून समोर शिक्का मारून घ्यायचे. तेही मे महिन्यात. मामी म्हणायची, "घोडा मरते तिकडे, अन् ऊन लागते आमच्या माणसाला."

हिशोब करून बघा. चाळीस चालींचा डाव. कार्डाला जायला दहा दिवस, यायला दहा. झाले आठशे. वर दोघांचे विचार करायचे एकशेवीस-एकशेवीस. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं!

वेळ वाचवायला एक सोय होती: 'तुम्ही हे केलंत तर मी ते करीन', हे त्याच कार्डावर लिहून टाकायचं. पण जपून. एक जुना किस्सा सांगतात. पांढऱ्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. काळ्यानं उत्तरात घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि पुढे लिहिलं, 'तुम्ही काहीही खेळा, मी उंट त्या मोकळ्या घरात आणतो.' पांढऱ्यानं आपला उंट थेट त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. काळ्याला तो मारता आला असता, पण शब्द दिलेला! त्याचा उंट गेला, मागोमाग कोपऱ्यातला हत्तीही गेला.

हा प्रकार आपल्याकडे नवा नाही बरं का. १८२८ च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्रांनी सामना झाला होता. त्याच काळात स्कॉटलंडचं एडिंबरो विरुद्ध लंडनही चालू होता; डाव सुरू करायच्या एका पद्धतीला 'स्कॉच ओपनिंग' हे नाव त्या सामन्यावरून पडलं. १९५१ मध्ये पोस्टानं खेळायच्या बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, आयसीसीएफ. पहिला जगज्जेता ऑस्ट्रेलियाचा सेसिल पर्डी. आता सगळं सर्व्हरवर चालतं, संगणकाची मदतही चालते, आणि वरच्या पातळीवर डाव बहुतेक बरोबरीत सुटतात. मला त्यात फारसा रस उरला नाही, खरं सांगतो.

पुढे मामा स्वतः छोट्या स्पर्धा भरवायला लागले. खेळणं बरं होतं असं वाटायला लावणारं काम! चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा, सगळ्यांना एकमेकांचे पत्ते पाठवा, आणि मग तक्रारी वाचत बसा. 'माझं कार्ड पोचलं असणार, हा मुद्दाम उत्तर देत नाही.' हरायला लागलं की गप्प बसणारे असायचेच. पण कुणाची बदली झालेली असायची, कुणी आजारी.

एकदा एकाच्या मुलाचं कार्ड आलं: वडील गेले. समोरच्याचंही लगेच आलं: गुण मला द्या. मामा चिडले. त्यांनी ती स्थिती दोन चांगल्या खेळाडूंना पाठवली, स्वतःही तीन रात्री पट मांडून बसले. तिघांचंही मत एकच पडलं, बरोबरी. इथे लिहिलंय बघा, शाईनं, अर्धा-अर्धा.

[पान कॅमेऱ्याजवळ आणतो]

आणि त्याच्या खाली हे पेन्सिलनं: '६३७५. पांढरा जिंकतो.' पांढरी मोहरी गेलेल्या माणसाची होती. पेन्सिलची तारीख तीन वर्षांनंतरची आहे.