चार ट्रॅकची कॅसेट ते लॅपटॉप: घरच्या रेकॉर्डिंगमध्ये काय बदललं आणि काय अजून तसंच आहे

नमस्कार मंडळी.

[हातात कॅसेट]

ही साठ मिनिटांची साधी कॅसेट. समजा, हिच्यावर पोर्टास्टुडिओ नावाच्या मशीनने एक गाणं रेकॉर्ड केलंय. घरच्या जुन्या टू-इन-वनमध्ये ती लावली तर काय ऐकू येईल? गाणं निम्म्या वेगाने चालेल, सगळे सूर एक सप्तक खाली उतरलेले असतील. तेही अर्धंच गाणं, म्हणजे कदाचित नुसती गिटार आणि ताल. कॅसेट उलटी करून लावा. आता उरलेलं अर्धं गाणं येईल, पण शेवटाकडून सुरुवातीकडे!

हे असं का होतं ते कळलं, की घरी गाणं रेकॉर्ड करण्याचा निम्मा इतिहास कळतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

कॅसेटमधली टेप चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते. तेवढ्या पट्टीवर चार समांतर रेघा असतात. ए बाजूच्या दोन, डावा आणि उजवा. बी बाजूच्या दोन, उलट्या दिशेने. १९७९ मध्ये टीअ‍ॅक या जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला. त्यात या चारही रेघा एकाच दिशेने वापरल्या, म्हणजे चार स्वतंत्र ट्रॅक झाले. टेपचा वेग दुप्पट केला, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरऐवजी साडेनऊ. वेग वाढला की वरचे सूर जास्त स्वच्छ उमटतात. शिवाय टेपची ती 'सस्स' दाबण्यासाठी डीबीएक्स नॉइज रिडक्शन होतं आणि मिक्सर त्याच पेटीत. किंमत मोजावी लागली ती वेळेत: साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त पंधरा मिनिटं.

पण त्याआधी चार ट्रॅक घरी नेणं म्हणजे स्पूलचं अवजड मशीन, वेगळा मिक्सर, वायरींचं जंजाळ. आता सगळं एका टेबलावर मावलं.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या घरात, पोर्टास्टुडिओ १४४ आणि शूअर कंपनीचे दोन एसएम ५७ माइक घेऊन नवी गाणी रेकॉर्ड केली. हेतू एवढाच, की बँडला चाली ऐकवाव्यात. बहुतेक गाण्यांत दोन ट्रॅकवर आवाज आणि गिटार, उरलेल्या दोनवर जोडसुराचा आवाज किंवा आणखी एखादं वाद्य. मिक्स उतरवलं ते एका पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर. नंतर मोठ्या स्टुडिओत बँडसकट तीच गाणी पुन्हा वाजवली, पण कॅसेटवर जे होतं ते येईना. शेवटी त्याच कॅसेटवरून रेकॉर्ड निघाली, सप्टेंबर १९८२ मध्ये, 'नेब्रास्का' या नावाने.

ही गोष्ट सांगून बरेच जण म्हणतात, 'बघा, साधनं महत्त्वाची नाहीत.' मला तसं वाटत नाही. साधन फार महत्त्वाचं होतं, कारण त्या मशीनने गाणाऱ्याला चारच जागा दिल्या आणि काय ठेवायचं, काय गाळायचं हे आधी ठरवायला लावलं. टेपकडून आज आपण काही घ्यायचं असेल तर ही सवय घ्यावी. टेपचा खरखराट आणून देणाऱ्या प्लगिनवर (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर) पैसे घालवायची मला तरी गरज वाटत नाही.

[स्क्रीनवर चार आडव्या पट्ट्या]

चार ट्रॅकवर चारपेक्षा जास्त गोष्टी बसवायच्या तर बाउन्सिंग करायचं. ते म्हणजे काय ते बघा. घरी एक अभंग रेकॉर्ड करायचाय असं धरू. ट्रॅक एकवर तबला, दोनवर टाळ, तीनवर तानपुरा. आता हे तिन्ही एकत्र वाजवून ट्रॅक चारवर उतरवायचे आणि एक, दोन, तीन पुसून मोकळे करायचे. मग एकवर पेटी, दोनवर व्हायोलिन. ते दोन्ही तीनवर उतरवले. पुन्हा एक आणि दोन मोकळे झाले. तिथे मुख्य आवाज आणि मागचा कोरस. चार ट्रॅकवर सात गोष्टी बसल्या.

फुकटात बसल्या नाहीत. उतरवण्याच्या प्रत्येक फेरीत 'सस्स' वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पहिल्या फेरीत तबला आणि टाळ यांचं जे प्रमाण ठरलं ते ठरलं. टाळाचा नाद वरच्या पट्टीत पसरतो, नेमका तिथेच जिथे 'स', 'श', 'च' ही व्यंजनं ऐकू येतात. गाणं गाऊन झालं आणि लक्षात आलं की टाळ शब्द खातोय, तर काहीही करता येत नाही. म्हणून टेपवर काम करणारा माणूस टाळ वाजायच्या आधीच मनात गाणं ऐकायचा आणि टाळकऱ्याला माइकपासून चार पावलं मागे उभं करायचा.

आज सॉफ्टवेअरमध्ये शंभर ट्रॅक घ्या, कुणी अडवत नाही. म्हणूनच घरोघरच्या लॅपटॉपवर गाणी अर्धवट पडून आहेत, एकेकात चाळीस ट्रॅक, आणि टाळाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) अजून खालीवर होतोच आहे. माझा सल्ला असा: ताल बसला की तो एका ट्रॅकवर रेंडर करा, म्हणजे एकत्र उतरवून ठेवा. मूळ ट्रॅक पुसू नका, नुसते लपवा. पण काम पुढचं करा.

आता दुसरा मुद्दा. ज्यांनी टेप वापरली आहे, त्यांची एक सवय डिजिटलमध्ये नडते. ती म्हणजे लेव्हल.

साध्या कॅसेटवर नॉइज रिडक्शनशिवाय गाणं आणि 'सस्स' यांच्यात अंतर असतं सुमारे ५० ते ५५ डेसिबल. म्हणून आवाज जितका चढा ठेवता येईल तितका ठेवायचा, म्हणजे 'सस्स' खाली दबते. थोडा जास्त चढला तरी टेप सांभाळून घ्यायची. चुंबकीय थर पूर्ण भरत आला की लहरीची टोकं हळूहळू गोल होतात. कानाला ते उबदार लागतं, विशेषतः तबल्याच्या चाटीवर.

डिजिटलमध्ये शून्याची रेघ म्हणजे भिंत. तिथे टोकं गोल होत नाहीत, सपाट कापली जातात आणि कर्कश तडतड येते. पण दुसरीकडे मोकळीक केवढी! १६ बिटला सुमारे ९६ डेसिबलचं अंतर, २४ बिटला कागदावर १४४. प्रत्यक्षात इंटरफेसचं (माइक आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीचं) सर्किट तेवढं शांत नसतं, तरी कॅसेटच्या तुलनेत हे प्रचंड आहे. मग चढं रेकॉर्ड करायचं कारणच उरत नाही. २४ बिट निवडा, गाण्याची सरासरी लेव्हल उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि सगळ्यांत जोरकस तान उणे सहाच्या वर जाऊ देऊ नका. गाणारा तालमीत गातो त्यापेक्षा रेकॉर्डिंग सुरू झालं की जोरात गातो, हे धरूनच गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण टेपचा एक जुना प्रश्न वेष बदलून आपल्याकडे परत आलाय.

स्पूलच्या मशीनवर रेकॉर्ड करणारं हेड वेगळं आणि ऐकवणारं वेगळं. दोघांत काही सेंटिमीटरचं अंतर. समजा अंतर पाच सेंटिमीटर आणि टेप धावतेय सेकंदाला ३८ सेंटिमीटरने. म्हणजे आधीचं रेकॉर्डिंग ऐकत त्यावर गायलात तर नवा आवाज टेपवर सेकंदाच्या आठव्या भागाने मागे पडणार. गाणं पार विस्कटलं! यावर तोडगा निघाला तो सोपा आणि सुंदर होता. रेकॉर्ड हेडच्याच ज्या भागातून त्या वेळी रेकॉर्डिंग चालू नाही, त्या भागातून जुने ट्रॅक ऐकवायचे. अँपेक्स कंपनीने याला सेल-सिंक नाव दिलं आणि १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉलच्या घरी असं आठ ट्रॅकचं मशीन पोचलं. आधीच्या रेकॉर्डिंगला धरून त्यावर नवा थर चढवायचं हे तंत्र तिथून पुढे सगळीकडे गेलं.

आज हेच दुखणं लेटन्सी म्हणून येतं. हेडफोन लावून गाता आणि स्वतःचाच आवाज जरासा मागून येतो. कारण कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, गोळा करून एकदम पुढे पाठवतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशेबाने १,०२४ चा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा. गाणाऱ्याला हे हमखास खुपतं. बफर ६४ वर आणला तर दीड मिलिसेकंद, पण मग लॅपटॉप दमतो आणि आवाजात टकटक येते.

उपाय दोन. रेकॉर्ड करताना बफर कमी, मिक्स करताना जास्त. आणि इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर ते वापरा. त्यात तुमचा आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. विंडोजवर असाल तर इंटरफेससोबत येणारा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारं छोटं सॉफ्टवेअर) निवडला आहे ना, तेवढं आधी तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मधल्या काळातलं भराभर सांगतो. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलू लागले. १९९१ मध्ये प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलं, गंमत म्हणजे तेही सुरुवातीला चारच ट्रॅकचं. मग व्हीसीआरसारख्या कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक घेणारं एडॅट. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी आणलं आणि इफेक्टची यंत्रं सॉफ्टवेअरमध्ये शिरली. २००४ मध्ये गराजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मॅकमध्ये आलं. आज ऑडॅसिटी फुकट आहे आणि रीपर थोडक्या पैशात मिळतं.

मिडीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्या संगीताशी त्याचं पटता पटत नाही. मिडीत आवाज नसतो. कुठली पट्टी, किती जोरात, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली एवढीच नोंद असते. पट्ट्या १२८, जोराच्या पायऱ्याही १२८. मग मींड कुठून आणणार? त्यासाठी पिच बेंडचं चाक आहे आणि त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकाव्याला जागा आहे. अडचण अशी, की साध्या मिडीत हे चाक चॅनेलवरच्या सगळ्या सुरांना एकदमच ओढतं. म्हणून बासरी किंवा सारंगीची ओळ वाजवायची तर तिला वेगळा चॅनेल द्या. आणि बेंडची मर्यादा बहुधा दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली अशी असते. लांब मींड घ्यायची असेल तर सॉफ्टवेअर वाद्यात ती वाढवा.

तसंच लयीचं. सॉफ्टवेअर उघडलं की समोर चौकटी आणि १२० चा ठोका. भजन असं चालत नाही. ते ठाय लयीत सुरू होतं आणि गजराला येईतो चढलेलं असतं. ती चढण हाच भजनाचा जीव आहे. एकाच ठोक्याला बांधलेलं भजन मला ऐकवत नाही. तेव्हा क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरचा हा ठोका, बंद करा, पखवाज किंवा तबला आणि गाणारा एकत्र बसवून आधी तेवढंच रेकॉर्ड करा. नंतर त्या वाजवण्यावरून टेम्पो मॅप बनवा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चौकटी वादकाच्या मागे चालतील.

शेवटचं, खोली. फ्लॅटमधली रिकामी खोली घुमते, पंखा फिरत असतो, खाली भाजीवाला ओरडतोय. अशा खोलीत कंडेन्सर माइक सगळंच टिपतो. तुमची खोली अशी असेल तर एसएम ५७ किंवा ५८ सारखा डायनॅमिक माइक घ्या आणि चार बोटांच्या अंतरावरून गा. माइकच्या मागे नव्हे, गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधड्या टांगा, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. पंखा बंद करा, उकडलं तरी.

आता तुमच्यासाठी काम. सॉफ्टवेअरमध्ये फक्त चार ट्रॅक उघडा. एक गाणं निवडा, मघाशी सांगितलं तसं बाउन्स करत जा आणि रविवारपर्यंत मिक्स उतरवा. लिंक खाली कमेंटमध्ये टाका आणि कुठला ट्रॅक आधी बाउन्स केला, का केला, तेही लिहा. पुढच्या भागात ढोलकी घेऊया, दोन्ही तोंडांना एकाच माइकने कसं पकडायचं ते.