देवमाशांची खतावणी

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘जपान, ऑस्ट्रेलिया आणि देवमासे : हेगच्या न्यायालयाचा निकाल’ असा छापला आहे, आणि त्या निकालापर्यंत मी येणारच आहे. परंतु मी लेखापरीक्षणात आयुष्य काढलेला माणूस आहे आणि निकालाआधी वह्या तपासायची खोड माझ्या अंगात भिनली आहे. देवमाशांच्या शिकारीवरचे राष्ट्राराष्ट्रांतले भांडण आपण करुणा आणि क्रौर्य यांचा सामना समजून पाहतो. ते हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर अधिक उलगडते, हा माझा जुना हट्ट आहे.

2 डिसेंबर 1946 रोजी वॉशिंग्टनमध्ये ज्या करारावर सह्या झाल्या, त्याची प्रस्तावनाच सांगते की देवमाशांचे साठे नीट राखावेत, जेणेकरून देवमासेमारीच्या उद्योगाचा सुव्यवस्थित विकास व्हावा. ‘साठे’ हा शब्द पाहा. सह्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र नव्हता, गोदाम होते. (आपण मराठी माणसे या प्राण्याला देवही म्हणतो आणि मासाही. यांतली दुसरी नोंद नक्की चुकीच्या खात्यात पडली आहे. पहिलीबद्दल मी मत देत नाही.)

या गोदामाचे माप होते ‘निळा देवमासा एकक’. एका निळ्या देवमाशाच्या तेलाबरोबर दोन फिन, अडीच हम्पबॅक किंवा सहा सेई देवमासे धरायचे आणि अंटार्क्टिक समुद्रात सर्व देशांनी मिळून हंगामात अशी 16,000 एकके मारायची. कोणत्या देशाने किती, हे ठरलेले नव्हते. कारखाना-जहाजांवरून आठवड्याचे आकडे बिनतारी संदेशाने नॉर्वेतल्या सांदेफ्योर्डच्या सांख्यिकी कचेरीत पोहोचत, तेथला कारकून बेरीज करी आणि 16,000 कधी भरणार याचा अंदाज बांधून हंगाम बंद करण्याची तारीख कळवी. तोवर ज्याला जितके साधेल तितके त्याचे. आता तुम्हीच हार्पूनच्या तोफेमागे उभे आहात अशी कल्पना करा. सहा सेईंचा सहा वेळा पाठलाग केल्यावर एक एकक जमा होणार, आणि एक निळा टिपला की तेच एकक पदरात पडणार; मग तुम्ही कोणाच्या मागे जाल? निळे विरळ झाले तेव्हा जहाजे फिनकडे वळली, फिन घटले तेव्हा सेईकडे, आणि खतावणीत एकक तेच राहिल्यामुळे कोणते खाते रिकामे होत आहे हे एकूण बेरजेवरून कळण्याची सोयच नव्हती. आमच्या खात्यात असा ताळेबंद आणणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवला असता. हे माप रद्द व्हायला 1972 साल उजाडले.

याहून मोठी गंमत, गंमत म्हणणे बरे नव्हे, पण आमच्या धंद्यातली माणसे अशाच गोष्टींनी खूश होतात, ती सोव्हिएत जहाजांची. त्यांच्याकडे दोन नंबरच्या वह्या होत्या. प्रत्येक जहाजावर तपासनीस असे, पण तो त्याच देशाचा. म्हणजे लेखापरीक्षक खातेदाराचाच मेहुणा. दक्षिण गोलार्धात त्यांनी 2,710 हम्पबॅक मारल्याचे कळवले होते. प्रत्यक्षात मारले होते 48,000हून अधिक. रशियन जीवशास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी 1993मध्ये हे जगापुढे मांडले, आणि खरे आकडे जुळवता आले ते काही शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी जपून ठेवल्यामुळे. त्यांतल्या एकाने त्या बटाट्यांच्या तळघरात लपवल्या होत्या. सभागृहात कोणी निवृत्त हिशेबनीस असतील, तर त्यांनी बटाट्यांकडे यापुढे आदराने पाहावे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत आणि हेग अजून दूर आहे.

तर, 1982मध्ये त्या 1946च्या कराराखालच्या आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगाने 25 विरुद्ध 7 मतांनी व्यापारी शिकारीची मर्यादा शून्यावर आणली आणि ती 1985-86च्या हंगामापासून लागू झाली. जपानने आधी हरकत घेतली, मग अमेरिकेच्या सागरी हद्दीतली आपली मासेमारी धोक्यात येताच ती मागे घेतली, आणि 1987पासून कराराच्या कलम 8चा आधार घेऊन वैज्ञानिक संशोधनाच्या परवान्यावर तीच जहाजे अंटार्क्टिकला पाठवली. मारलेल्या देवमाशाचे मांस वाया जाऊ देऊ नये असे हेच कलम सांगत असल्यामुळे ते बाजारात विकणेही त्यात बसत होते.

ऑस्ट्रेलियाने 2010मध्ये जपानविरुद्ध दावा लावला आणि 31 मार्च 2014 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो 12 विरुद्ध 4 मतांनी मान्य केला. बहुमतात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. विज्ञान म्हणजे काय, या वादात न्यायालय शिरलेच नाही. त्याने मंजुरी आणि खर्च शेजारी शेजारी ठेवले. वर्षाला सुमारे 850 मिंके (ही लहान चणीच्या देवमाशांची जात), 50 फिन आणि 50 हम्पबॅक अशी योजना होती. पहिल्या सात हंगामांत फिन मारले एकूण 18, हम्पबॅक एकही नाही, मिंके मात्र सुमारे 3,600, आणि त्यांच्या जोरावर तज्ज्ञांनी तपासून छापलेले निबंध दोन. परवाने संशोधनासाठी होते असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही, असा निर्णय झाला. याला आम्ही कामगिरी-लेखापरीक्षण म्हणतो, आणि तेव्हा मला झालेला आनंद घरात कोणालाच कळला नव्हता.

जपानने वर्षाला 333 मिंकेंची नवी योजना आणली; 2018मध्ये ब्राझीलच्या बैठकीत त्याचा व्यापारी शिकारीचा प्रस्ताव 27 विरुद्ध 41 मतांनी पडला आणि 30 जून 2019 रोजी जपान करारातूनच बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी कुशिरो आणि शिमोनोसेकी बंदरांतून जहाजे निघाली, आता उघड व्यापारासाठी, पण स्वतःच्या सागरी क्षेत्रापुरती. अंटार्क्टिकची शिकार, जी कोणाला बैठकीत थांबवता आली नव्हती, ती त्याच दिवसापासून बंद आहे. दुसरी घंटा झाली. नॉर्वे आणि आइसलँड राहिले. त्यांच्याबद्दल ज्यांना विचारायचे असेल त्यांनी मला चहाच्या वेळी गाठावे.