अक्यूट म्हणजे गंभीर नव्हे

[पडद्यावर: रिपोर्टवरची एक ओळ, 'अक्यूट ब्राँकायटिस']

रिपोर्टवर 'अक्यूट' वाचलं की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. अक्यूट म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, असाच समज. पण साधी सर्दीही अक्यूटच. आजार अचानक उपटला आणि त्याचा मामला थोड्या दिवसांचा आहे, एवढंच हा शब्द सांगतो. किती जोराचा, ते सांगायला डॉक्टर 'सिव्हिअर' म्हणतात. मराठीत आपण दोन्हींना 'तीव्र' म्हणून मोकळे होतो आणि घोळ घालून ठेवतो.

२००३ साली गाजलेल्या सार्स या श्वसनाच्या आजाराचं पूर्ण नाव बघा: सिव्हिअर अक्यूट रेस्पिरेटरी सिंड्रोम. दोन्ही शब्द शेजारी शेजारी, कारण दोघांचं काम वेगळं.

[पडद्यावर: सुईचं टोक, अगदी जवळून]

मूळ लॅटिन. 'अकुएरे' म्हणजे धार लावणं, 'अकुस' म्हणजे सुई. 'अकुटुस' म्हणजे टोकदार. ग्रीक वैद्य त्याआधीच अशा आजारांना 'ऑक्सिस', म्हणजे तीक्ष्ण, म्हणत. हिपोक्रेटिसच्या नावावर अक्यूट आजारांतल्या पथ्याचा एक ग्रंथ आहे. न्यूमोनियासारखे, काही दिवसांत इकडे की तिकडे असा निकाल लावणारे आजार त्यात येतात. आणि एवढ्या जीवघेण्या दुखण्यांच्या ग्रंथात पानंच्या पानं खर्ची पडली आहेत ती बार्लीच्या पेजेवर! गाळून द्यावी की न गाळता, कधी सुरू करावी, कधी थांबवावी.

पुढे रेंगाळणाऱ्या आजारांना काळावरून 'क्रॉनिक' नाव पडलं. दोघांमधली सीमा मात्र आजारागणिक सरकते. मोठ्या माणसाचा खोकला तीन आठवड्यांच्या आत असेल तर अक्यूट; यकृताचा आजार हिपॅटायटिस बी सहा महिन्यांपुढे टिकला, तरच क्रॉनिक.

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखालचा रक्ताचा थेंब]

ल्युकेमियात तर या शब्दाने पार कोलांटी मारली. रक्ताच्या या कर्करोगाचा अक्यूट प्रकार पूर्वी काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जीव घ्यायचा. क्रॉनिक प्रकार वर्षानुवर्षं चालायचा. १९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टर सिडनी फार्बर यांनी औषधाने काही मुलांचा अक्यूट ल्युकेमिया तात्पुरता मागे हटवून दाखवला. आज उत्तम उपचार मिळाले, तर लहान मुलांतला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुतेकदा पूर्ण बरा होतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक प्रकार औषधांनी आटोक्यात राहतो, पण मुळापासून सहसा जात नाही.

नावं मात्र तीच राहिली.