रोजची धाप

[धाराशिव जिल्ह्यातलं एक गाव. जिल्हा परिषद शाळेचं मैदान, सकाळची वेळ.]

दोन लाकडी खांब आणि त्यांच्यामध्ये रांगेत बसलेल्या आठ मुली. एकीचं तोंड पूर्वेला, तर शेजारणीचं पश्चिमेला. नववी पळते आहे. तिला अधेमधे मागे फिरता येत नाही, बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. पलीकडची मुलगी पकडायची असेल तर बसलेलीच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, 'खो!' मग ही बसते आणि ती उठते.

बसलेल्या मुलींचे पाय बघा. टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर. खो मिळाला की एका झेपेत उभं राहायचं आहे. पळणं, थांबणं, वळणं, बसणं, उठणं, हे सगळं एका डावात किती वेळा होतं ते त्या मोजत नाहीत. मांड्यांना आणि पाठीला मात्र सगळं कळतं.

हा जिल्हा खो-खोचाच. इथल्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार, प्रियंका इंगळे, मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली. या मैदानावरच्या बहुतेक मुली तिथवर जाणार नाहीत. त्या रोज खेळतात, एवढंच आम्हाला दाखवायचं आहे.

[डाव संपतो. मुली कडुनिंबाखाली येतात.]

आत्ताच बाद होऊन आलेल्या या मुलीला आम्ही नाव विचारलं. तिनं ते दोन दमांत सांगितलं. आडनावापर्यंत पोचताना मध्ये श्वास घ्यावा लागला.

अंगाला किती श्रम झाले हे ओळखायची साधी खूण हीच. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम. दोन-चार शब्दांत श्वास तुटतो, तेव्हा जोरकस. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना अशी मध्यम ते जोरकस हालचाल दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं आणि स्नायू बळकट करणारे खेळ हवेत: उड्या, चढणं, ओढाओढी. लंगडी, दोरीच्या उड्या, सूरपारंब्या हे सगळं त्यात येतं. साठ मिनिटं सलग असायचीही गरज नाही. मधल्या सुट्टीतली वीस, चालत येण्याजाण्याची वीस आणि संध्याकाळची वीस मिळूनही तो तास भरतो. फक्त चालणं रेंगाळत नको, झपझप हवं.

[शाळेचा व्हरांडा. वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी.]

आज शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता. हे पथक वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं. चपला काढायच्या, टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर समोर. उंची लिहिली जाते, मग वजन.

इथं पालकांचा घोटाळा होतो, म्हणून थोडं थांबून सांगते. काट्यावरचा आकडा एकटा काही सांगत नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागतात, तो बीएमआय. मोठ्या माणसांसाठी त्याची ठरलेली मर्यादा असते. मुलांमध्ये ती वयानुसार सरकते, मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळी असते. समजा, दहा वर्षांचा एक मुलगा आहे. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. बीएमआय जवळपास १८.९. त्याच्या वडिलांचा हा आकडा असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलासाठी जास्त वजनाची रेषा १८.५ वर आहे. म्हणजे वजन जास्त. आणि तो डोळ्यांना जाड दिसेलच असं नाही.

आता रांगेतली ही मुलं पाहा. बहुतेकांच्या मनगटाची हाडं दिसतात. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांची २३ टक्के मुलं कृश निघाली, तर जास्त वजनाची ४ टक्के. आपल्याकडे दोन्ही मुलं एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर असतात. कृश लेकराला आधी पोटभर भाकर, डाळ, अंडं हवं. म्हणून त्याला खेळातून बाजूला बसवायचं कारण नाही. खाल्लेल्याचा स्नायू आणि हाड व्हायला हालचालच लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय बाळ वजनानं कमी असूनही अंगात चरबीचा वाटा जास्त घेऊन जन्माला येतं. बारीक आहे म्हणजे ठीक आहे, असं आपल्याला म्हणता येत नाही.

[लातूर. संध्याकाळ. ट्यूशन एरिया. व्हॅन, सायकली, पाठीवर दप्तरं.]

त्या खो-खोच्या मैदानापासून नव्वद किलोमीटरच्या आतच हे दुसरं जग आहे. लातूरच्या अभ्यासाचा दबदबा राज्यभर आहे आणि तो मेहनतीनं कमावलेला आहे. त्यात वाद नाही. पण शिकवणी आता पाचवी-सहावीपासून सुरू होते.

या सहावीतल्या मुलाबरोबर आम्ही एक दिवस होतो. सकाळी व्हॅन दारात. शाळेत सहा तास बसून. पीटीचा तास वेळापत्रकात आहे, त्या दिवशी गणिताचा भाग मागे पडला म्हणून तो गणिताला गेला. परत व्हॅन. घरी येऊन दप्तर बदललं, शिकवणीला गाडीवर सोडलं, दोन तास बसून. मग जेवण, मोबाइल, झोप. दिवसभरात तो पळाला एकदाच, व्हॅन चुकू नये म्हणून, जिन्यावरून खाली.

मुलगा आळशी नाही. गच्चीवर बॅट दिली तेव्हा बघा कसा खेळतो. त्याच्या दिवसातून पळणं आपण मोठ्यांनी एकेक करून काढून घेतलं: रस्त्यावर गाड्या वाढल्या म्हणून, ऊन आहे म्हणून, लेकरू दमतं म्हणून, प्रवेश मिळाला पाहिजे म्हणून. प्रत्येक कारण आपापल्या जागी खरं. त्या सगळ्यांची बेरीज कुणी केली नाही. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली अकरा ते सतरा वर्षांची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या खेळानं वाढलेलं वजन झपाट्यानं उतरत नाही. तीस किलोचं मूल अर्धा तास मनसोक्त पळालं तर साधारण शंभर किलोकॅलरी खर्च होतात, आणि वीस ग्रॅम वेफर्समध्ये तेवढ्याच परत येतात. ताट, झोप आणि पडद्यासमोरचा वेळ यांचा वाटा मोठा आहे. रोजच्या हालचालीचं खरं काम वजन मुळात वाढू न देण्याचं. आणि काटा हलला नाही तरी हृदय, हाडं, झोप सुधारतात. लहानपणी वाढलेलं वजन अनेकदा पुढेही टिकतं, आणि मधुमेह, रक्तदाब लवकर गाठतात.

[आष्टी तालुका, बीड. माळरानातला कच्चा रस्ता.]

मांडवा गावचा अविनाश साबळे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. लहानपणी शाळा सुमारे सहा किलोमीटरवर होती, वाहनाची सोय नव्हती, म्हणून तो पळत जायचा. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण ती सोय नसण्याची गोष्ट आहे, आणि ती गैरसोय कुठल्याही लेकराच्या वाट्याला परत येऊ नये. गावाला एसटी हवीच. हवं आहे ते एवढंच, की शाळा एक-दीड किलोमीटरवर असेल आणि वाट सुरक्षित असेल, तर मुलांना चालू द्यावं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली अंगणात उभ्या राहू नयेत.

[पुन्हा लातूर. इमारतीचं वाहनतळ, खुर्च्यांवर पालक.]

ही त्याच मुलाच्या इमारतीतली बैठक. बायाच जास्त आल्या आहेत. मैदान लांब, रस्ता धोक्याचा, एप्रिल-मे मध्ये सहाच्या आधी बाहेर पडवत नाही, हे सगळं बोलून झालं. शिकवणी घेणाऱ्या बाईही आल्या होत्या. जूनपासून त्यांचा पाचवी-सहावीचा वर्ग सहाऐवजी साडेसहाला भरेल. साडेपाच ते साडेसहा वाहनतळावरच्या दुचाकी एका भिंतीला लावायच्या, बाकीची जागा लेकरांना. दोन मोठ्या गाड्यांचा प्रश्न सुटलेला नाही, त्यांचे मालक बैठकीला नव्हते. रविवारी त्यांच्या घरी जाऊन बोलायचं ठरलं आहे.